विश्लेषण : वर्तमानपत्राचा खप वाढवण्यासाठी सुरू झाली ‘टूर डी फ्रान्स’! तिचे जनक हेन्री देग्रांज कोण होते?

दरवर्षी जुलैमध्ये तीन आठवडे चालणारी ‘टूर डी फ्रान्स’ ही जगातील सर्वांत प्रसिद्ध सायकल शर्यत. १९०३ मध्ये ती सुरू झाली, ती पॅरिसमधील एका क्रीडा दैनिकाचा रखडलेला खप वाढवण्यासाठी. त्या दैनिकाचे संपादक हेन्री देग्रांज यांनी पुढची तीन दशके ही शर्यत जवळपास एकहाती चालवली. नियम त्यांचे, दंड त्यांचा आणि दुसऱ्या दिवशीची बातमीही त्यांचीच. सायकलपटूने एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय रस्त्याशी झुंजले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. या हट्टाने शर्यत मोठी झाली आणि त्याच हट्टाखाली अनेक सायकलपटू भरडलेही गेले.

वकिलाच्या कचेरीतून ट्रॅकवर

देग्रांज यांचा जन्म ३१ जानेवारी १८६५ रोजी पॅरिसमध्ये झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते एका कचेरीत कारकुनी करू लागले. पण सगळे लक्ष सायकलीवर. मोकळ्या वेळात उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवताना एका अशिलाने पाहिले, तक्रार केली आणि नोकरी गेली, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो. किस्सा खरा असो वा नसो, नोकरी सुटली आणि सायकल राहिली हे खरे.

११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या बफेलो ट्रॅकवर त्यांनी तासाभरात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. ‘अवर रेकॉर्ड’, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त किती अंतर, या प्रकारातील हा पहिला अधिकृत विक्रम. पुढच्याच वर्षी तो मोडला. (तुलनेसाठी : २०२२ मध्ये इटलीच्या फिलिपो गानाने याच प्रकारात ५६.७९२ किलोमीटर नोंदवले. अर्थात, सायकल, ट्रॅक आणि कपडे सगळेच बदलले आहे.)

विक्रम मोडला तरी देग्रांज यांची ओळख पक्की झाली. १८९४ मध्ये त्यांनी तरुण सायकलपटूंना सल्ला देणारे ‘डोके आणि पाय’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. मग टायर आणि सायकली बनवणाऱ्या अडोल्फ क्लेमां या उद्योजकाच्या जाहिरातीचे काम पाहिले. १८९७ मध्ये ते पॅरिसच्या ‘पार्क दे प्रॅन्स’ या सायकल ट्रॅकचे संचालक झाले. खेळाडू, लेखक, जाहिरातदार आणि मैदानाचा व्यवस्थापक, असा हा दुर्मीळ संगम होता. वर्तमानपत्र काढू पाहणाऱ्या श्रीमंत कारखानदारांना नेमका असाच माणूस हवा होता.

सायकल शर्यतीत वर्तमानपत्रांचे काय काम?

हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती आणि वर्तमानपत्रे यांची जोडी जुनी आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये पॅरिस ते रूआं अशी सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत झाली, तीही एका सायकलविषयक नियतकालिकाच्या पुढाकाराने. १८९१ मध्ये बोर्दो-पॅरिस आणि त्यानंतर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या दोन मोठ्या शर्यती झाल्या. दुसरीचे अंतर सुमारे १२०० किलोमीटर. चार्ल्स तेराँ हा व्यावसायिक सायकलपटू ती न झोपता ७१ तास २२ मिनिटांत पूर्ण करून जिंकला आणि रातोरात देशभर गाजला.

यातले गणित साधे होते. ट्रॅकवरची शर्यत तिकीट काढून बघता येते. रस्त्यावरची शर्यत मात्र क्षणात डोळ्यांसमोरून निघून जाते. पुढे काय झाले, कोण पडला, कोण जिंकला हे कळण्यासाठी दुसऱ्या दिवशीचा अंक विकत घ्यावाच लागतो. रेडिओ नव्हता, टीव्ही तर दूरच. शर्यत जितकी लांब, तितके दिवस बातमी चालणार.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमागे होते पिएर जिफार नावाचे पत्रकार. पुढे हेच ‘ल व्हेलो’ या हिरव्या कागदावर छापल्या जाणाऱ्या क्रीडा दैनिकाचे संपादक झाले.

एका राजकीय भांडणातून जन्मलेले दैनिक

तेव्हा फ्रान्स ड्रेफस प्रकरणावरून दुभंगलेला होता. आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली दोषी ठरवले गेले होते. तो निर्दोष आहे असे मानणारा एक गट आणि लष्कराच्या बाजूने उभा राहणारा दुसरा. जिफार ड्रेफसच्या बाजूचे. त्यांच्या दैनिकाला मोठ्या जाहिराती देणारे मोटार कारखानदार काउंट द दियाँ मात्र विरोधी गटातले. १८९९ मध्ये पॅरिसच्या एका घोड्यांच्या शर्यतीत राष्ट्राध्यक्षांविरुद्ध झालेल्या गोंधळाप्रकरणी द दियाँ यांना काही दिवस तुरुंगात जावे लागले. जिफार यांनी त्यांच्यावर टीका केली. द दियाँ यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि क्लेमां, मिशेलिन अशा उद्योजकांना सोबत घेऊन स्वतःचे क्रीडा दैनिकच काढले.

१६ ऑक्टोबर १९०० रोजी ‘ल’ऑटो-व्हेलो’चा पहिला अंक निघाला. संपादक : हेन्री देग्रांज. प्रतिस्पर्ध्याचा कागद हिरवा, म्हणून यांचा पिवळा.

पण खप काही वाढेना. त्यात नावातल्या ‘व्हेलो’ शब्दावरून जिफार न्यायालयात गेले आणि जानेवारी १९०३ मध्ये जिंकलेही. दैनिकाला नुसते ‘ल’ऑटो’ व्हावे लागले. फ्रेंचमध्ये ‘व्हेलो’ म्हणजे सायकल. मोटारीचे नाव असलेला अंक सायकलप्रेमी वाचकांनी का घ्यावा, हा खरा प्रश्न होता.

मग ‘टूर’ची कल्पना कोणाची?

देग्रांज यांना ‘टूरचे जनक’ म्हटले जात असले, तरी मूळ कल्पना त्यांची नव्हती. २० नोव्हेंबर १९०२ रोजी दैनिकात बैठक झाली. त्यात जिओ लफेव्र या पंचविशीतल्या पत्रकाराने सुचवले : संपूर्ण फ्रान्सला प्रदक्षिणा घालणारी, अनेक दिवस चालणारी शर्यत घ्या. देग्रांज यांना आधी हे वेडेपणाचे वाटले. निर्णय अखेर दैनिकाचे आर्थिक व्यवहार पाहणारे व्हिक्तोर गोदे यांच्यावर सोपवला गेला आणि त्यांनी तिजोरीची दारे उघडली.

१९ जानेवारी १९०३ रोजी घोषणा झाली. पहिला आराखडा पाच आठवड्यांचा आणि २० फ्रँक प्रवेश शुल्काचा होता. त्याला जेमतेम १५ नावे आली. मग देग्रांज यांनी एखाद्या व्यापाऱ्यासारखा भाव बदलला. शर्यत जुलैमध्ये नेली, कालावधी १९ दिवसांवर आणला, शुल्क निम्मे केले आणि पहिल्या ५० जणांना दिवसाला पाच फ्रँक भत्ता जाहीर केला. तेव्हा कुठे ६० जण उभे राहिले. त्यात नावाजलेले व्यावसायिक होते, तसेच नशीब आजमावायला आलेले कामगारही होते.

१ जुलै १९०३ रोजी दुपारी पॅरिसजवळच्या मोंजरोन गावातून शर्यत सुटली. टप्पे अवघे सहा, एकूण अंतर २४२८ किलोमीटर. म्हणजे सरासरी टप्पा ४०० किलोमीटरच्या पुढे. आजच्या टूरमध्ये २०० किलोमीटरचा टप्पाही लांब समजला जातो. पॅरिस-लिआँ हा पहिला टप्पा ४६७ किलोमीटरचा होता. तो जिंकायला मोरिस गॅरिनला १७ तास ४५ मिनिटे लागली. खडीचे, मातीचे रस्ते, रात्रीचा अंधार, टायरच्या सुट्या नळ्या खांद्याला गुंडाळलेल्या. इतर मोठ्या शर्यतींत पुढे राहून वारा अडवणारे सोबती ठेवायची मुभा असे. इथे त्यांना फाटा दिला होता.

स्वतः देग्रांज मात्र पहिल्या शर्यतीसोबत गेलेच नाहीत. फसली तर नाव नको, असा हिशेब असावा. बिचारा लफेव्र कधी आगगाडीने, कधी सायकलने शर्यतीच्या मागे धावत बातम्या पाठवत राहिला.

शर्यत फसली नाही. इटलीत जन्मलेला आणि लहानपणी धुराडी साफ करणारा गॅरिन जवळपास तीन तासांच्या आघाडीने जिंकला. एवढा फरक टूरमध्ये पुन्हा कधीच पडला नाही. २१ जण पॅरिसला पोहोचले आणि शेवटचा सायकलपटू गॅरिनपेक्षा सुमारे ६५ तास मागे होता. ‘ल’ऑटो’चा खप २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला. पुढच्या वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले.

दुसऱ्याच वर्षी शर्यत बंद पडता पडता कशी वाचली?

१९०४ च्या टूरमध्ये जे घडले, ते आज वाचतानाही खरे वाटत नाही. स्थानिक खेळाडू पुढे राहावा म्हणून सेंत-एतिएनजवळच्या घाटात रात्री जमाव काठ्या घेऊन उभा होता. त्याने गॅरिन आणि इतरांना मारहाण केली. जमाव पांगवायला अधिकाऱ्यांना पिस्तुलाचे बार काढावे लागले. नीमजवळ पुन्हा तेच. रस्त्यावर खिळे टाकले गेले. काही सायकलपटू अंधाराचा फायदा घेऊन मोटारीत, आगगाडीत बसले.

गॅरिन पुन्हा ‘जिंकला’. पण फ्रान्सच्या सायकल संघटनेने चौकशी करून वर्षअखेरीस पहिल्या चारही जणांना बाद केले. पाचवा आलेला हेन्री कॉर्ने विजेता ठरला, शर्यतीच्या वेळी त्याचे वय २० सुद्धा नव्हते. तो आजही टूरचा सर्वांत तरुण विजेता आहे.

टूर आता संपली, असे देग्रांज यांनी स्वतःच्याच अंकात लिहून टाकले. पण खपाचे आकडे डोळ्यांसमोर असताना ती संपवणे परवडणारे नव्हते. १९०५ मध्ये ते नवे नियम घेऊन परतले. टप्पे लहान आणि जास्त, रात्रीची सवारी कमी, विजेता वेळेवर नव्हे तर गुणांवर. वेळेत फसवणूक करून फारसा फायदा होऊ नये, हा त्यामागचा विचार. गुणांची ही पद्धत १९१२ पर्यंत टिकली.

एक तार आणि तुर्माले घाट

सपाट रस्त्यांवरची शर्यत कितीही लांब असली तरी तिला नाट्य कमी, हे देग्रांज यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते. अल्फाँस स्टाइनेस हा सहकारी पिरेनीज पर्वताचा आग्रह धरून बसला. खात्री करण्यासाठी त्याला तिकडे पाठवण्यात आले. २११५ मीटर उंचीच्या तुर्माले घाटात त्याची मोटार बर्फात अडकली. तो अंधारात पायीच पुढे निघाला, वाट चुकला, अर्धमेला होऊन खालच्या गावात पोहोचला. मग त्याने देग्रांज यांना तार केली : तुर्माले ओलांडला, रस्ता उत्तम, जायला काहीच अडचण नाही. खेळाच्या इतिहासात इतके धडधडीत खोटे इतके उपयोगी क्वचितच ठरले असेल.

२१ जुलै १९१० रोजी लुशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरचा टप्पा पहाटे साडेतीनला सुटला. एकाच दिवसात पेरसूर्द, आस्पँ, तुर्माले आणि ओबिस्क हे घाट. ओक्ताव लापीझ कधी सायकलवर, कधी सायकल ढकलत चढला. ओबिस्कच्या घाटात आयोजकांचे अधिकारी दिसताच त्याने त्यांना तोंडावर खुनी म्हटले. देग्रांज तिथे नव्हते, प्रकृतीचे कारण देऊन ते आधीच परतले होते. लापीझने तो टप्पाही जिंकला आणि टूरही.

वाचकांना हे हवेच होते. पुढच्या वर्षी आल्प्समधला गालिबिए घाट आला आणि देग्रांज त्याच्या अक्षरशः प्रेमात पडले. बाकीचे घाट त्याच्यापुढे किरकोळ आहेत, अशा आशयाचे त्यांचे लेखन फ्रान्समध्ये अजूनही सांगितले जाते.

तुटलेला फोर्क : नियमाची किंमत

देग्रांज यांच्या नियमांत एक कलम सर्वांत कठोर होते. सायकल बिघडली तर ती सायकलपटूनेच दुरुस्त करायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

१९१३ च्या टूरमध्ये युजीन क्रिस्तोफ हा तरुणपणी कुलुपे बनवण्याचे काम शिकलेला फ्रेंच सायकलपटू उत्तम लयीत होता. ९ जुलैला तुर्मालेच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा, तुटला. सायकलच्या रचनेत सगळ्यात जास्त ताण जिथे येतो, त्यातली ही एक जागा. ब्रेक लावल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर सगळा जोर फोर्कच्या वरच्या सांध्यावर येतो. त्या काळचे पोलाद आणि जोडकाम पाहता हे वरचेवर घडायचे.

सायकल बदलून मिळणार नव्हती. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहाहून अधिक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-काँपाँ हे गाव गाठले. तिथे एक लोहाराची भट्टी सापडली. लोहार उपाय सांगू शकत होता, हात लावू शकत नव्हता. शर्यतीचे अधिकारी पहाऱ्याला उभे होते. अधिकाऱ्यांना भूक लागली तेव्हा कोळसे खा, असे क्रिस्तोफने सुनावल्याचे सांगतात. नळी तापवणे, ठोकणे, जोडणे हे सगळे त्याने स्वतः केले. पण दोन्ही हात कामात असताना भाता कोण मारणार? तिथल्या एका लहान मुलाने तो मारला.

या सगळ्यात सुमारे चार तास गेले. वर भाता मारायला मदत घेतली म्हणून दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढे तीन मिनिटांवर आणला, एवढीच काय ती सवलत. क्रिस्तोफ अखेर सातवा आला. त्या गावात या प्रसंगाचा स्मृतिफलक आहे.

हा प्रसंग ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून शंभर वर्षे सांगितला जातो आणि ती जिद्द होतीच. पण ती ज्या नियमामुळे दाखवावी लागली, तो नियम एका संपादकाने लिहिलेला होता आणि त्या चार तासांची बातमी त्याच संपादकाच्या अंकात छापून विकली गेली, हेही विसरता येत नाही.

गिअरला विरोध का?

आज साध्या सायकललाही गिअर असतात. मग टूरमध्ये ते इतकी वर्षे का नव्हते? तंत्र उपलब्ध नव्हते असे नाही. सेंत-एतिएनचे पॉल द विव्ही यांच्यासारखे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बदलत्या गिअरचा प्रचार करत होते. देग्रांज यांनीच त्याला विरोध केला. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या जोरावर जिंकावे, असे त्यांचे मत होते.

याचा अर्थ काय होतो, ते आकड्यांत पाहू. समजा पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६. मग पेडलच्या एका फेरीत मागचे चाक तीनदा फिरते, सायकल सव्वासहा मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्याला हे छान. पण घाटात प्रत्येक फेरीला इतके वजन चढवणे गुडघे मोडणारे. मागे २४ दाते असतील तर एका फेरीत चाक दोनदाच फिरते, जोर कमी लागतो. म्हणून सायकलपटू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवत. घाटाच्या पायथ्याशी थांबायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे. माथ्यावर पुन्हा तेच. थंडीने बोटे गारठली असताना हे काम किती सोपे असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

युद्ध आणि पिवळी जर्सी

१९१४ ची टूर २८ जूनला सुटली. त्याच दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. शर्यत संपली आणि काही दिवसांतच महायुद्ध पेटले. देग्रांज यांनी अंकात जर्मनीविरुद्ध जळजळीत लिहिले. पण ते फक्त लिहून थांबले नाहीत. १९१७ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी ते साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले. आघाडीवरूनही टोपणनावाने दैनिकासाठी लिहीत राहिले. शौर्याबद्दल त्यांना ‘क्रुआ द गेर’ हे पदकही मिळाले. त्यांच्या हेकटपणाबद्दल काहीही म्हणा, दुसऱ्यांकडून कष्ट मागणारा हा माणूस स्वतः आरामखुर्चीत बसून राहिला नाही.

युद्धाने टूरचे तीन विजेते नेले : फ्रँस्वा फाबेर, लुसिएँ पती-ब्रेतों आणि देग्रांज यांच्या माणसांना खुनी म्हणणारा तो लापीझ.

१९१९ मध्ये टूर परतली ती उद्ध्वस्त रस्त्यांवर. अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त, सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर, टूरच्या इतिहासातला सर्वांत कमी. पॅरिसला पोहोचले फक्त ११ जण आणि त्यातलाही एक नंतर बाद झाला. टायर-पोलादाच्या टंचाईमुळे सायकल कंपन्यांनी एकत्र येऊन सायकलपटूंना मदत केली होती, त्यामुळे बऱ्याच जणांच्या जर्सी एकसारख्या करड्या. आघाडीवर कोण, हे रस्त्यावरच्या लोकांना कळत नव्हते. मग १९ जुलैला ग्रेनोब्लमध्ये आघाडीवीराला पिवळी जर्सी देण्यात आली. पिवळा रंग ‘ल’ऑटो’च्या कागदाचा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

ती पहिली पिवळी जर्सी घातली होती क्रिस्तोफने. लोक त्याला पिवळा पक्षी म्हणून चिडवायचे. आणि विजय दोन टप्प्यांवर आला असताना, ४६८ किलोमीटरच्या मेत्झ-डंकर्क टप्प्यात, त्याचा फोर्क पुन्हा तुटला. पुन्हा स्वतःच्या हाताने दुरुस्ती, पुन्हा तासाभराहून अधिक उशीर. बेल्जियमचा फिर्मां लाम्बो जिंकला, क्रिस्तोफ तिसरा आला. यावेळी वाचकांनीच वर्गणी काढली आणि ती रक्कम विजेत्याच्या बक्षिसापेक्षा मोठी भरली. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

एका जर्सीवरून बंड

१९२४ पर्यंत देग्रांज यांचा शब्द हाच कायदा झाला होता. ‘ल’ऑटो’चा खप टूरच्या काळात पाच लाखांवर गेला होता. नियमावली जाडजूड झाली होती. त्यात एक कलम असे : सकाळी निघताना अंगावर जे जे असेल, ते सगळे संध्याकाळी परत आणले पाहिजे.

टप्पे भल्या पहाटे सुटत. थंडीत दोन जर्सी घालायच्या आणि ऊन चढले की एक काढून टाकायची, हे स्वाभाविक होते. आदल्या वर्षीचा विजेता हेन्री पेलिसिए याच्या अंगावर जर्सी किती आहेत, हे एका अधिकाऱ्याने हात घालून तपासले. पेलिसिए आधीच देग्रांज यांच्याशी वाद घालत असे. शेर्बूर-ब्रेस्ट टप्प्यात तो, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरिस व्हील हा सहकारी असे तिघे कुतांस गावात सायकलवरून उतरले ते परत चढलेच नाहीत.

तिथल्या कॅफेत त्यांना गाठले आल्बेर लोंद्र यांनी. प्रतिस्पर्धी ‘ल पती पारिझियाँ’ दैनिकाचे हे नामवंत बातमीदार. आदल्याच वर्षी ते फ्रान्सच्या दूरच्या काळ्या पाण्याच्या वसाहतीतील कैद्यांवर लिहून आले होते. सायकलपटूंनी त्यांच्यासमोर पिशव्या उघडल्या : डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, गोळ्या. हे सगळे छापून आले आणि सायकलपटू म्हणजे रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी, ही प्रतिमा फ्रान्समध्ये कायमची रुजली. लोंद्र यांना सायकलिंगमधले फारसे कळत नव्हते, आम्ही त्यांना थोडे चढवून सांगितले, असे फ्रान्सिसने खूप वर्षांनी मान्य केले. ते गृहीत धरले तरी एक गोष्ट उरते. १९३० च्या नियमपुस्तिकेत आयोजकांनी पुरवायच्या वस्तूंत औषधी द्रव्ये येत नाहीत, अशी आठवण सायकलपटूंना करून दिलेली होती. म्हणजे ती घेतली जात होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. बंदीचा प्रश्नच नव्हता.

देग्रांज मात्र बधले नाहीत. १९२६ ची टूर ५७४५ किलोमीटरची झाली. आजवरची सर्वांत लांब.

कंपन्यांशी लढाई, आणि एक मोठी माघार

देग्रांज यांना खरा राग होता सायकल कंपन्यांच्या संघांचा. एकामागे एक सायकल चालवली की मागच्याला हवेचा अडथळा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. वेग वाढतो तसा हा फायदाही वाढतो. त्यामुळे पैसेवाली कंपनी चांगले खेळाडू विकत घेऊन आपल्या म्होरक्याला ‘आडोशाने’ जिंकवू शकते. एकट्याच्या झुंजीचे स्वप्न पाहणाऱ्या देग्रांज यांना हे खपणारे नव्हते. १९२७ मध्ये त्यांनी सपाट टप्प्यांवर संघांना वेगवेगळ्या वेळी सोडून पाहिले. शर्यत कंटाळवाणी झाली. १९२९ मध्ये आजारी पडलेला मोरिस द वाल संघाच्या जोरावर जिंकला, तेव्हा मृतदेहाला जिंकवल्याची भावना त्यांनी बोलून दाखवली.

१९३० मध्ये त्यांनी कंपन्यांनाच बाहेर काढले. आता देशांचे संघ, सायकली आयोजकांच्या, पिवळ्या रंगाच्या, कोणत्याही कंपनीच्या नावाशिवाय. पण मग खर्च कोण करणार? त्यातून निघाला शर्यतीपुढे चालणारा जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा. चॉकलेट आणि इतर वस्तू विकणारे पैसे मोजून त्यात सामील झाले. हा ताफा आजही निघतो आणि रस्त्याकडेची पोरे त्याचीच जास्त वाट बघतात.

देशांचे संघ आले, तशी सहकाऱ्यांची मदतही अधिकृत झाली. त्याच वर्षी गालिबिएच्या उतारावर फ्रान्सचा आंद्रे लदुक जोरात आपटला. पुढे त्याचे पेडलही तुटले. तो रस्त्याकडेला रडत बसला. सहकाऱ्यांनी त्याला उठवले, पेडल मिळवून बसवले, वारा अडवत आघाडीपर्यंत परत नेले. लदुक तो टप्पा जिंकला आणि टूरही. सतरा वर्षांपूर्वी भाता मारणाऱ्या पोरासाठी दंड झाला होता. फ्रान्सला मात्र हा नवा प्रकार भलताच आवडला. १९३३ च्या टूरमध्ये ‘ल’ऑटो’चा खप आठ लाख ५४ हजारांवर पोहोचला. तो त्याचा उच्चांक.

शेवटची टूर

१९३६ मध्ये देग्रांज ७१ वर्षांचे होते. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हायची होती. डॉक्टरांचा विरोध असूनही ते निघाले. मोटारीत उशा भरल्या, शेजारी डॉक्टर बसवला. खराब रस्त्यावरचा प्रत्येक धक्का असह्य होता. दुसऱ्याच दिवशी शार्लव्हिलमध्ये, ताप चढलेल्या अवस्थेत, त्यांनी शर्यत सोडली. सूत्रे गेली जाक गोदे यांच्याकडे. तिजोरी उघडून देणाऱ्या व्हिक्तोर गोदे यांचे हे चिरंजीव.

१९३७ मध्ये टूरमध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली. त्या वर्षी जिंकलेला रोजे लापेबी हा डिरेलर वापरून टूर जिंकणारा पहिला.

१६ ऑगस्ट १९४० रोजी भूमध्य समुद्राकाठच्या बोव्हालों येथे देग्रांज यांचे निधन झाले. दोन महिन्यांपूर्वी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या होत्या. त्या वर्षी टूर झाली नव्हती. ‘ल’ऑटो’ जर्मन ताब्यातही निघत राहिले, म्हणून १९४४ मध्ये मुक्तीनंतर ते बंद करण्यात आले. गोदे यांनी १९४६ मध्ये ‘लेकीप’ काढले आणि १९४७ मध्ये टूर पुन्हा सुरू केली.

गालिबिए घाटात १९४९ पासून देग्रांज यांचे स्मारक उभे आहे. टूर त्या बाजूने जाते तेव्हा घाटमाथ्यावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला त्यांच्या नावाचे पाच हजार युरोंचे बक्षीस मिळते.